एक ओळ राहिली

पिराजी ओव्हाळ आणि मी एकाच शाळेत शिकवत होतो. तेरपासून दोन कोसांवरचं गाव, आम्ही चार शिक्षक. त्याच्याकडं चौथी होती, माझ्याकडं तिसरी. तो इतका हळू बोलायचा, की मागच्या रांगेतली पोरं आपणहून पुढं सरकून बसायची. मी बाहेरचा, बदलीनं आलेला. तो मात्र त्याच गावच्या बौद्ध वस्तीतला. आई पुतळाबाई दुसऱ्याच्या रानात राबली आणि उस्मानाबादच्या वसतिगृहात राहून तो गुरुजी झाला.

नोकरी लागायच्या आधी, बहात्तरच्या दुष्काळात, तो गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या कामावर हजेरी घ्यायला होता. तिथं त्यानं जे पाहिलं ते गावानं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ज्या घरच्या बायका उंबऱ्याबाहेर दिसत नसत, त्या पदर नाकापर्यंत ओढून खडी फोडायला बसल्या. त्याच रांगेत पुतळाबाईही होती. रोज सकाळी पिराजी वही उघडून एकेकीचं नाव मोठ्यानं घ्यायचा. परक्या पुरुषानं त्यांना अशी नावानं हाक कधी मारली नव्हती. वस्तीतल्या पोरानं तर नाहीच.

या गोष्टीची त्यानं पाच वर्षांत कादंबरी केली. परीक्षेच्या जुन्या पेपरांच्या कोऱ्या बाजूवर लिहायचा. 'सकाळची हजेरी' तिचं नाव. एक कारकून आणि मोठ्या घरची चंद्रा. तो नाव घेतो, ती 'हाय' म्हणते. महिन्यागणिक त्या 'हाय'चा सूर बदलत जातो. त्यापलीकडं दोघं एक शब्द बोलत नाहीत. शेवटी पाऊस पडतो, काम बंद होतं आणि तिचं नाव घेणारं कुणी उरत नाही.

पहिला वाचक मीच. मी विचारलं, "ही चंद्रा कोण रे?"

"कुणीच न्हाय. धा जणींची मिळून एक केलीय." मग म्हणाला, "भुवईवरची खूण तेवढी आईची हाय. खडीची कपची उडून लागली व्हती तिला."

पुण्याच्या एका लहान प्रकाशकानं अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत पुस्तक काढलं. सोलापूरच्या एका वर्तमानपत्रात परीक्षण आलं: पहिल्याच कादंबरीत इतका संयम क्वचित दिसतो, असं काहीतरी होतं. ते कात्रण त्याच्या खिशात घडीवर घडी होऊन फाटलं. लातूरच्या एका प्राध्यापकांचं कार्ड आलं. पत्त्यात 'लेखक' असं लिहिलेलं बघून त्याची बायको मालनबाई पोस्टमनला म्हणाली, की घर चुकलं असंल.

गावात मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. महिनाभर काही नाही. पुस्तक गावात पोचवलं मीच. आमच्या सोसायटीचे चेअरमन हिंमतराव शाळेत आले होते, टेबलावरची माझी प्रत त्यांनी चाळली आणि मागितली. मी कौतुकानं दिली. नंतर एसटीच्या थांब्यावर पिराजी उतरला, की हॉटेलातलं बोलणं थांबू लागलं. एकदा आम्ही दोघं तिथून चाललो होतो. आतून कुणीतरी अगदी हळू, बाईच्या आवाजात म्हणालं, "हाय." कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

मार्चमध्ये आम्ही उस्मानाबादला गेलो. पुस्तकांच्या दुकानात त्याची एकही प्रत शिल्लक नव्हती. पिराजीचा चेहरा उजळला. "कोण कोण नेतंय?" त्यानं विचारलं.

दुकानदार म्हणाला, "कोण कोण न्हाय. एकच गिऱ्हाईक आलं. जीप घेऊन आले व्हते, हायेत तेवढी बांधा म्हणाले."

परतीच्या एसटीत तो खिडकीबाहेर बघत बसला. हिंमतराव कारखान्याचे संचालकही होते. आमच्या भागात जीप त्यांच्याकडंच होती.

मे महिन्यात बोलावणं आलं. मला बरोबर घेऊन पिराजी गेला. ओट्यावर चहा आला; मला कपबशीत, त्याला काचेच्या ग्लासात. हिंमतराव फार गोड बोलले.

"गुरुजी, लई ब्येस लिवलंय तुमी. गावचं नाव काढलं. म्या दोन येळा वाचलं."

"तुमची मेहरबानी, दादा."

"चंद्रा कोन?"

"कल्पनेतली हाय."

"आसंल, आसंल. पन मूर्ती घडवायची तर कुनाचं तरी तोंड समोर लागतंच की." ते हसले. "सत्कार करायचा तुमचा. सोसायटीच्या गोदामात. आईला, बायकोला घेऊन या."

पिराजी नको म्हणाला. हिंमतराव म्हणाले, "गाव मान देतंय आन् तुमी नको म्हनता? ते बरं दिसंल का?"

सत्कार दुपारी तीनला होता. खताची पोती एका बाजूला रचून सतरंज्या टाकल्या होत्या, वरचे पत्रे तापले होते. समोर बसलेल्या वीसेक कर्त्या पुरुषांच्या मांडीवर 'सकाळची हजेरी'ची एकेक प्रत होती. शेजारच्याची प्रत मी घेतली. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. पलीकडच्याच्या प्रतीतही तेच पान दुमडलेलं होतं.

बायका डावीकडं. एरवी हिंमतरावांच्या घरची बाई अशा ठिकाणी येत नसे. त्या दिवशी त्यांची धाकटी भावजय द्वारकाबाई अगदी पुढं बसवलेली होती. जळकोटची लेक, पण मामाचं घर आमच्याच गावात. दुष्काळाच्या साली, लग्नाआधी, ती मामाकडं होती आणि महिनाभर खडीवर आली होती. हे मला मागाहून कळलं. पिराजीच्या ते ध्यानातही नव्हतं. शंभर नावांतलं ते एक नाव.

शाल झाली, नारळ झाला. हिंमतराव म्हणाले, "आता गुरुजींनी आपल्या तोंडानं चार ओळी वाचाव्यात. एकेचाळिसावं पान."

पिराजी उभा राहिला, वाचू लागला. सकाळचं ऊन, पाट्यांची रांग, चंद्रानं घाम पुसायला पदर सारला. तेवढ्यात त्यानं सहज मान वर केली. उकाड्यानं द्वारकाबाईनंही पदर थोडा मागं घेतला होता. तिच्या डाव्या भुवईवर अर्ध्या बोटाचा पांढरा वण होता.

तो थांबला. मग पुन्हा वाचू लागला. पान संपवून त्यानं पुस्तक मिटलं.

हिंमतराव आपल्या प्रतीवर बोट ठेवूनच होते. "गुरुजी, एक ओळ राहिली."

पिराजीनं मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडलं.

"डाव्या भुवईवरच्या खुनेची. वाचा की. सगळ्यांच्या पुस्तकात हाय."

पिराजीनं ती ओळ वाचली. मग म्हणाला, "ही खूण माझ्या आईची हाय."

दाराशी, वस्तीतल्या बायकांत बसलेली पुतळाबाई उठली. वाट काढत पुढं आली आणि डोईवरचा पदर काढून तिनं कपाळ सगळ्यांना दाखवलं. "गुरुजीला काय इचारता? मला इचारा. त्या साली कुनाच्या तोंडावर कपची उडली न्हाय? तुमच्याबी घरात हायेत की खुना. बघा घरी जाऊन."

"बसा मावशी," हिंमतराव शांतपणे म्हणाले. "च्या घेऊन जा." आणि सभा उठली.

मला वाटलं, म्हातारीनं निभावलं. पण संध्याकाळी पारावर लोक बोलत होते ते मी कानांनी ऐकलं. खूण आईचीच असती, तर ओळ गाळली कशाला? एका बाईला वाचवायला त्यानं ती गाळली, आणि तेवढ्यानंच ती बाई बुडाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी द्वारकाबाईला जीपमध्ये बसवून जळकोटला पोचवलं. तिच्या दोन्ही पोरी इकडंच ठेवून घेतल्या. तिचा नवरा आबाराव जीपच्या मागं वेशीपर्यंत चालत गेला आणि परत आला. थोरल्या भावापुढं तो कधी बोलला नव्हता, तेव्हाही बोलला नाही.

जूनमध्ये पिराजीची बदली परंडा तालुक्यात झाली. आदेशात लिहिलं होतं: विनंतीवरून. त्यानं विनंती केलीच नव्हती. पुतळाबाई गाव सोडायला तयार नव्हती, मालनबाईनं तिला हाताला धरून एसटीत बसवलं. जुलैअखेर विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. आमच्या गावात वस्तीतली चार घरं जळाली. पहिलं पेटलं ते पिराजीचं कुलूप लावलेलं घर. आत काही पाठकोरे पेपर होते, दुसऱ्या गोष्टीची सुरुवात. मी पत्र पाठवून कळवलं. उत्तरात त्यानं फक्त विचारलं होतं, शेजारची माणसं सुखरूप आहेत ना?

पुढच्या हिवाळ्यात तो आईला घेऊन जळकोटला गेला होता. द्वारकाबाईच्या भावानं त्याला दारातच थांबवलं. "आता आनखी काय लिवायचं राहिलंय?" म्हणाला. पुतळाबाईला मात्र आत जाऊ दिलं. अर्ध्या तासानं ती बाहेर आली. नंतर सांगितलं ते एवढंच, "रडली न्हाय. तुझ्या पुस्तकात त्या चंद्रीचं फुडं काय व्हतं, ते इचारलं. म्या सांगितलं, काम बंद व्हतं, ती घरला जाती. तर म्हनली, बरं हाय बाई, तिला घर तरी हाय."

द्वारकाबाई पुन्हा सासरी आलीच नाही. कैक वर्षांनी थोरल्या पोरीच्या लग्नात तिला मांडवात बोलावलं, अक्षता पडल्यावर परत पाठवलं.

ऐंशी साली प्रकाशकाचं पत्र आलं. प्रती संपल्यात, मागणी आहे, दुसरी आवृत्ती काढू या. मी तेव्हा परंड्याला त्याच्याकडंच होतो. त्यानं पत्र मालनबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हो म्हणा की. नाव तर झालं."

पिराजीनं कार्ड घेतलं आणि लिहिलं, 'परवानगी नाही.' खाली सही केली. मग शाळेची वेळ झाली म्हणून चपला घातल्या आणि वाटेत ते कार्ड पेटीत टाकलं.