ठकूचे मणी

गोरखी वाड्याजवळच्या बालवर्गात शिकवणाऱ्या येसूताई मुलांचं निरीक्षण करून नोंदी ठेवायला शिकत होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी ठसक्यात लिहिलं, ‘ठकू मंद आहे.’

नोंदी शिकवायला आलेले नाना वैतागले. “हा तर निकाल झाला, बाई! डोळ्यांना दिसलं ते लिहा.”

येसूताई इरेला पेटल्या. वही घेऊन ठकूसमोरच बसल्या. अर्ध्या तासात ठकूनं उजव्या हातानं जेमतेम चार मणी ओवले. कंटाळून त्या पाणी प्यायला उठल्या आणि परतताना दारातच थबकल्या. ठकूचा डावा हात भराभर मणी ओवत होता! चाहूल लागताच तो परकराखाली गेला.

डाव्या हातावर पट्टी मारायची शिस्त येसूताईंचीच होती.

त्यांनी जुनी ओळ खोडून लिहिलं, ‘मी समोर असले, की ठकू मंद होते.’