माझा पहिला वाचक आणि आबांचा बांध

हसणार नसाल तर सांगते. बरं, हसलात तरी सांगणारच आहे, कारण सणसर गावचं कुणी भेटलं तर तुम्हाला हे कळायचंच. त्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं.

मी लेखिका आहे. म्हणजे नुकतीच झाले. एरवी बारामतीतल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. बेडकाचं हृदय फळ्यावर काढता काढता केस पांढरे झाले, तेव्हा म्हटलं, आता आपलंही काही छापून यावं. आला एकदाचा कथासंग्रह. सगळ्या कथा ग्रामीण.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुमचा आणि गावाचा काय संबंध? काहीच नाही. मी वाढले बारामतीत, वसाहतीतल्या तिसऱ्या मजल्यावर. शेत पाहिलं ते इंदापूरला जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून. पण ग्रामीण कथेला जरा वजन असतं ना हो!

प्रकाशकांनी विचारलं, "आतल्या पानावर नेहमीचं टाकू ना? पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत, साम्य आढळल्यास योगायोग समजावा?"

मला ते फार मिळमिळीत वाटलं. मी ऐटीत म्हणाले, "नको. असं टाका, ‘या पुस्तकातील पात्रे व प्रसंग काल्पनिक नाहीत. हे सारे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.’"

"बघा हं मॅडम," ते म्हणाले. मी कसली बघतेय.

प्रकाशन झालं. शाल मिळाली, पेढे संपले, फोटोला शंभर अंगठे आले आणि मग सगळं शांत. निम्म्या प्रती लेखिकेनेच घ्यायच्या असं ठरलेलं असल्यामुळे खोकी आमच्या दिवाणाखाली येऊन बसली. ज्यांना पुस्तक भेट दिलं त्यांना मी आडून आडून विचारायची. जाऊबाई म्हणाल्या, "कागद चांगला वापरलाय हो." मुख्याध्यापक म्हणाले, "मुखपृष्ठ बोलकं आहे." आमच्या घरातल्या प्रतीवर नवऱ्याचा चष्मा रोज रात्री विसावायचा. एवढाच काय तो त्यांचा आणि साहित्याचा संबंध.

खरं सांगते, मला पुरस्कार नको होता. एक वाचक हवा होता. ज्याने पहिल्या पानापासून वाचलंय, मधेच थांबून विचार केलाय, असा एक माणूस. त्यासाठी जीव अगदी कासावीस झाला होता.

अशात आमच्या शाळेतले गणिताचे सुनील सर माझ्याकडे आले. ते मूळचे सणसरचे. त्यांचे वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. गावात सगळे वडिलांना आबा म्हणायचे.

"मॅडम, वर्षश्राद्धाला स्टीलचे डबे सगळेच वाटतात. आम्ही पुस्तक वाटावं म्हणतो. तुमचंच द्या."

"वाचलंत का तुम्ही?"

"अजून नाही. पण तुमचं म्हटल्यावर बघायचं काय त्यात?"

मी दिवाणाखाली जवळजवळ सूर मारला. सरांनी प्रत्येक प्रतीत पहिल्याच पानावर एक कागद चिकटवला. वर फेट्यातले आबा, खाली ‘आमचे आबा यांच्या प्रथम पुण्यस्मरणानिमित्त सप्रेम भेट.’ समोरच्या पानावर माझं ते वाक्य, काल्पनिक नाहीत, डोळ्यांनी पाहिले आहे. आणि पान उलटलं की पहिली कथा. तिचं नाव ‘आबा’.

हो. आबाच. माझ्या कथेतला आबा दरवर्षी कुदळ घेऊन शेजाऱ्याचा बांध थोडा थोडा कोरतो. शेवटी आजारी पडतो, शेजाऱ्याला निरोप धाडतो, पण शेजारी पोहोचायच्या आत आंब्याखाली प्राण सोडतो. फार हृदयस्पर्शी आहे, वाचा कधीतरी.

तुम्ही विचाराल, तुमच्या तेव्हा लक्षात नाही आलं? अहो, अख्ख्या सणसरच्या घराघरात आपलं पुस्तक जातंय म्हटल्यावर लक्ष ठिकाणावर राहतं का कुणाचं?

वर्षश्राद्धाला पुस्तकं वाटली गेली. पुढे ऊसतोडीचे दिवस आले, आणि एका सकाळी फोन वाजला. माझा नंबर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर होता. म्हणजे हा माणूस शेवटच्या पानापर्यंत गेला होता.

"मॅडम, मी दत्तू तात्या बोलतो, सणसरवरनं. तुमचं पुस्तक वाचलं."

मी आधी गॅस बंद केला. "वाचलंत?"

"चारदा वाचलं. पेनानं खुणा केल्यात. रातीला झोप न्हाय मला. आबाचा निरोप येतो तितं तर डोळ्याला पाणीच आलं बगा."

"अहो तात्या..." मलाही पाणी आलं.

"एक इचारतो. हे समदं खरं हाय न्हवं?"

"शब्दन् शब्द!"

"मंग चार लोकांम्होरं सांगाल का तेवडं? हितं येऊन?"

चार काय, मी चारशे लोकांसमोर सांगायला तयार होते. वाचकमेळावाच की हा! मी इरकल साडी काढली, ‘मी आणि माझी माती’ असं भाषण लिहिलं, आणि नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून सणसरला निघाले.

तात्यांनी सांगितलेल्या जागी ना मांडव ना माईक. उभा ऊस, बांधावर कोयते खाली ठेवून बसलेली तोडणीची टोळी, रिकामा ट्रॅक्टर आणि घामाघूम झालेले आमचे सुनील सर. पंधरा-वीस माणसं होती. मी मनात म्हटलं, छोटा पण रसिक श्रोतृवर्ग.

आबांच्या आणि स्वतःच्या शेतामधल्या बांधावर आडवे उभे होते तात्या. हातात माझं पुस्तक. इतकं हाताळलेलं, कोपरे दुमडलेलं, निळ्या शाईने भरलेलं माझं पुस्तक मी प्रथमच पाहत होते. काय सांगू, पोरगं वर्गात पहिलं आल्यासारखं वाटलं.

"आल्या मॅडम," तात्या लोकांना म्हणाले. "ह्यांनी सोताच्या डोळ्यांनी बगितलंय. आबानं माझा बांध कोरला. हितं छापलंय. मोजणी होईस्तवर हितनं ऊस जायचा न्हाय. उद्या इंदापूरला जातो, मोजणीचा अर्ज देतो आन् पुरावा म्हनून हे पुस्तक जोडतो."



सुनील सर माझ्याजवळ आले. शाळेत कधी आवाज न चढवणारा माणूस. "मॅडम, टोळी दुपारपर्यंत थांबेल, मग पुढच्या तोडीला डाळजला निघाली. ऊस वाळतोय. आणि माझा बाप गावात चोर ठरलाय, तोसुद्धा त्याच्याच वर्षश्राद्धाला वाटलेल्या पुस्तकातून. काय पाहिलंत तुम्ही? कधी पाहिलंत?"

"सर, तो आबा वेगळा. म्हणजे तो नाहीच. मी आपला कल्पनेने..."

"आसं कसं?" तात्यांनी पान उघडलं. "हितं काय लिवलंय? काल्पनिक न्हाईत."

"ते जरा वजन यावं म्हणून लिहिलं हो."

"आन् निरोपाचं? आबानं मरायच्या आदी मला खरंच बोलावलं हुतं. मी इंदापूरला हुतो, आलो तवर आबा गेला. ते तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. सुचलं."

"मॅडम, तुमच्यावर कुणाचा दबाव हाय का?"

मी जितकं नाही म्हणे, तितका तात्यांचा संशय वाढे. "तात्या, माझा आबा आंब्याखाली मरतो. तुमचे आबा तर दवाखान्यात गेले ना?"

"ते मला वाटलं शोभंसाठी घातलं आसंल."

टोळीतली माणसं कोयते आवरायला लागली. सर खाली मान घालून उभे. आणि मी, मातीतली लेखिका, पदर खोचून ओरडून सांगतेय की माझं सगळं पुस्तक म्हणजे थाप आहे, आणि कुणी विश्वास ठेवायला तयार नाही.

शेवटी इतका वेळ स्कूटरला टेकून उभा असलेला माझा नवरा पुढे आला. "तात्या, मी हिचा नवरा. आमच्या गॅलरीत दोन कुंड्या आहेत. दोन्हीतली रोपं हिच्या हातून वाळली. ही आयुष्यात आज पहिल्यांदा बांधावर उभी आहे. ज्वारी कुठली आणि मका कुठला, तेसुद्धा हिला कणीस दिसल्याशिवाय कळत नाही."

तात्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. इरकल, पर्स, उंच टाचेची चप्पल मातीत रुतलेली.

"नवराच म्हनतोय म्हंजी खरं आसंल," ते म्हणाले. "पर मग लिवून द्या."

तिथेच ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पुस्तक ठेवून मी ‘नाहीत’ खोडलं, ‘आहेत’ लिहिलं, डोळ्यांनी पाहिल्याचं वाक्यही खोडलं आणि खाली सही केली. लेखिका म्हणून कुणी मागून घेतलेली माझी ही पहिली सही. सरांनी तेवढ्यात भावकीतून गोळा करून आणलेलं पुस्तकांचं पोतं ओतलं. त्या सगळ्यांत तेच. खोडायचं, लिहायचं, सही. रांग लावून सह्या घेतल्या हो लोकांनी, स्वप्नात पाहिली होती अगदी तशी!

तात्या बांधावरून बाजूला झाले. टोळी उसात शिरली. सरांनी मला पाणी दिलं.

मी निघाले, तरी पाय निघेना. काही झालं तरी चारदा वाचणारा एकुलता एक वाचक समोर उभा होता. धीर करून विचारलं, "तात्या, झालं ते झालं. बाकीच्या कथा कशा वाटल्या?"

"बाकीच्या?" तात्यांना खरोखरच नवल वाटलं. "बाकीच्या कशाला वाचू? त्यात माझा बांध न्हाय."