परसदारची मोड

माझ्या धाकट्या जावेवर मी जितकी जळले तितकी उभ्या जन्मात कुणावर जळले नाही, आणि त्याची मला लाजबीज काही वाटत नाही. जळण्यासारखंच होतं ते. आपल्यामागून घरात आलेली बाई, येताना एक पितळी तांब्या आणि दोन लुगडी घेऊन आलेली, आणि बघता बघता सासू तिला विचारल्याशिवाय भाकरीचं पीठसुद्धा काढत नाही, नवरा जेवायला बसला की भावजयीच्या हुशारीचं पुराण लावतो. असं झाल्यावर कुणी काय तिची आरती ओवाळायची?

लढाईची वर्षं होती ती. आमचं गाव चौक गावाच्या अंगाला, मुंबई-पुणे रस्त्यापासून थोडं आत. शेतात उभं राहिलं की घाटाकडे चाललेल्या लष्करी लॉऱ्या दिसायच्या. दुकानात जाऊन उपयोग नव्हता. रॉकेल नाही, कापड कंट्रोलचं, आणि नवं भांडं तर नजरेला पडायचं बंदच झालं होतं. तांबं-पितळ सगळं लढाईला गेलं, असं लोक म्हणायचे. पण लढाई आहे म्हणून लग्नं काही थांबत नाहीत, आणि पोरीला रिकाम्या हातानं कोण धाडतो? मग जुनी भांडी हुडकायची. चेपलेली, भोक पडलेली, कान तुटलेली. कासार ती ठोकून, जोडून, कल्हई करून पुन्हा उभी करायचा, अगदीच गेलेली असली तर वितळवायचा. ह्या जुन्या भांड्यांना मोड म्हणतात.

कासार आमच्या गावात यायचा, ओरडायचा, "मोड हाय का, मोड," आणि रिकाम्या हातानं परत जायचा. मोड घरोघरी होती, पण द्यायची कशी? भांडं मोडीत गेलं म्हणजे घर खाली आलं, हे शेंबडं पोरही जाणतं. भांड्यावर घरधन्याचं नाव ठोकलेलं असतं, ते तर आणखीनच वाईट. दिवसाढवळ्या पुढच्या दारानं नवऱ्याचं नाव बाहेर काढायचं, आणि समोरच्या ओट्यावरून शेजारीण बघत्येय. त्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एकदा तो असाच परत चालला होता. मी ओट्यावर तांदूळ पाखडत होते. मी म्हटलं, "ह्याच्या जागी बाई असती तर मागल्या दारानं निम्म्या गावाची मोड तिला मिळाली असती." म्हटलं आणि पाखडत राहिले. शेजारी धाकटी बसली होती, खडे वेचत. पुढच्या बाजाराला ती नवऱ्याबरोबर कर्जतला गेली आणि कासाराशी बोलून आली. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात ना, ते असं. अक्कल माझी, धंदा तिचा. आज पोरं भंगाराची दुकानं टाकतात, पाटी लावतात, नारळ फोडतात. हिच्या धंद्याला ना पाटी ना नारळ. डोक्यावर एक टोपली, टोपलीत खाली मोड आणि वर पत्रावळीसाठी तोडलेली पळसाची पानं.

ती जायची ती दुपारी, बाप्ये शेतावर असताना. परसदारी जाऊन उभी राहायची, आत हाक मारायची नाही. कुणी विचारलं तर पानं विकायला आल्ये. बाई बाहेर यायची, पानं बघायच्या मिषानं टोपली आत न्यायची, आणि टोपली बाहेर आली की जड झालेली असायची. हिनं किती, कसं, का, काही विचारायचं नाही. वाड्यापाड्यांवरून, खालापूरच्या अंगाच्या गावांतून सांगावे यायला लागले. पानवालीला धाडा म्हणून. आणि कासाराकडून मिळायचे ते पैसे ज्या त्या बाईला पोचवून वर उरायचं ते आणून ती सासूच्या ओंजळीत घालायची. सासूबाई विरघळल्या. विरघळतील नाहीतर काय.

पण मला खरं झोंबायचं ते हे नव्हे. सगळ्या मुलखाच्या चुलीपर्यंत ही बाई पोचली होती. कुणाच्या घरात काय शिजतं, कुणाच्या सुनेला काय दुखतं, कुठला थोरामोठ्याचा वाडा आतून पोखरलाय, सगळं हिच्या पोटात. आणि मी, तिची थोरली जाऊ, एका चुलीवर तिच्याबरोबर राबणारी, मला ती एक शब्द सांगायची नाही.

"कुणाकडं गेलतीस गं?" मी विचारायची.

"गावात."

"कुणी काय काढलं?"

"घरोघरी मातीच्या चुली, जाऊबाई," असं म्हणायची आणि भाकरी उलटायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बरं, वर तोंड करून बोलली असती तर दोन शब्द सुनावता तरी आले असते.

मग मी माझं हत्यार काढायची. माझं माहेर. त्या घरात माझा पाट वरचा होता तो माहेरामुळे, हे मला पक्कं ठाऊक होतं. कर्जतच्या पलीकडचं आमचं घर, आणि माजघरातली मांडणी म्हणाल तर तिच्यावर दोन-दोन ओळी भांड्यांच्या. घंगाळं, हंडे, कळश्या, परात एवढी की तीत पोर झोपावं. प्रत्येकावर बाबांचं नाव. मी शाळेत कधी गेले नाही, लिहायला-वाचायला शिकले ते पुढं पुष्कळ वर्षांनी, माझ्या पोरांच्या पाटीवर. पण बाबांचं नाव तेवढं मला लहानपणापासून वाचता यायचं. भांडी घासता घासता बोटाखाली ती अक्षरं यायची, आणि बाबांनी एकदा एकेक करून सांगितली होती. बाबा गेले, अक्षरं राहिली. सासरी तेवढंसुद्धा कुणा बाईला वाचता येत नव्हतं, हीही मिरवण्याची गोष्ट होती, आणि मी ती मिरवायची.

त्या साली दिवाळीला माहेराहून मला लुगडं आलं. कापडाचा असा दुष्काळ की बायका लुगड्याला लुगडं जोडून नेसत होत्या, आणि मला कोरं करकरीत, हिरवं, लाल काठाचं. मी ते नेसून विहिरीवर गेले. गरज नसताना दोनदा गेले. धाकटीला ऐकू जाईल असं बोलले, "आमच्या माहेरी लढाई नि बिढाई काय नाय. आमची मांडणी बघा जाऊन. एक वाटी हलली नसंल."

धाकटी धुणं पिळत होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पिळायला लागली. म्हटलं, जळली. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी तिच्या वाटणीची भांडीही घासली.

थंडी सरता सरता एका दुपारी गोठ्यामागून आवाज यायला लागला. खस्स, खस्स. मी जाऊन बघितलं तर धाकटी पाय पसरून बसलेली, मांडीत भांडं, आणि हातात कानस. भांड्यावरचं नाव घासून काढत होती. मला बघितलं आणि भांड्यावर पदर टाकला. माझ्या मनात लख्ख झालं. नाव कोण घासतं? ज्याला मालाचा धनी लपवायचा असतो तो. म्हणजे परसदारानं येणारं सगळं काही त्या घरच्या बाया देत नव्हत्या. चोरीचा माल होता हा. कुणी गडी, कुणी मोलकरीण आणून घालत असणार आणि ही शहाणी पचवत असणार.

खरं सांगते, मला आनंद झाला. मी ओटीवर जाऊन सासूबाईंना हाताला धरून उठवलं. "चला आत्याबाई, तुमच्या लाडकीचा धंदा दाखवते."

सासूबाई आल्या, भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "विचारा तिला, नावं कशापायी खोडतीस."

सासूबाईंनी विचारलं. धाकटी म्हणाली, "ज्याचं त्याचं नाव ज्याच्या त्याच्या घरात राहू द्यावं, आत्याबाई. भांडं ह्याच तालुक्यात कुणाच्या तरी लग्नात जाणार. तिथं कुणी वाचलं म्हंजी?"

"बघा कसं गोड बोलत्येय," मी म्हटलं. "मग दाखव की मांडीतलं. चोरीचं नाय तर लपवतीस कशाला?"

"नाय दाखवनार."

"का?"

"नाय दाखवनार, जाऊबाई. चोर म्हना तर म्हना."

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या, मग तिच्याकडे. म्हणाल्या, "दाखव गं. एकदा काय तो निकाल लागू दे." धाकटी हलली नाही. तेव्हा मीच वाकले, पदर ओढला आणि भांडं हिसकावून घेतलं.

तांब्याची कळशी होती. गळ्यापाशी चेपलेली. तो चेप मी ओळखला. लहानपणी विहिरीच्या काठावरून माझ्याच हातून पडली होती ती, आणि त्याबद्दल पाठीत धपाटा खाल्ला होता. खाली नाव होतं. पहिली दोन अक्षरं घासून गेली होती, पुढची बाकी होती. जगात मला जेवढं वाचता यायचं त्यातलं उरलेलं निम्मं माझ्या हातात होतं.

"काय लिवलंय?" सासूबाईंनी विचारलं. "तुला येतंय ना वाचाया. कुणाचं हाय?"

धाकटी माझ्याकडे बघत होती. विहिरीवर बघितलं होतं तसंच. तेव्हा मला त्या नजरेचा अर्थ लागला, आणि माझ्या अंगावरचं ते हिरवं लुगडं मला टोचायला लागलं. दिवाळीच्या आधीपासून तिला ठाऊक होतं. माझं लुगडं कशातून आलं तेही ठाऊक होतं. मी माझ्या मांडणीच्या गप्पा हाकत होते आणि ती धुणं पिळत ऐकत होती.

"नाय वाचाया येत," मी म्हटलं. "घासलंय सगळं."

"मंग चोरीचं कशावरनं?"

"माझंच चुकलं असंल," मी म्हटलं. सासूबाई मला दोन शब्द बोलल्या, ते वाजवीच होतं, आणि भिंत धरत आत गेल्या.

आम्ही दोघीच राहिलो. मी विचारलं, "कोण येतं द्यायला? वैनी?"

तिनं कानशीवरचा कीस झटकला.

"अगं बोल. माझं माहेर हाय ते."

"तुमच्या आईचा सांगावा आलता," ती म्हणाली. "तुमच्या भावाची छाती बरी नाय. परक्याच्या हाती गेलं तर चार ठिकाणी बोललं जाईल म्हनल्या. तू माझ्या लेकीच्या घरची हायस म्हनल्या."

माझ्या आईला नड लागली, आणि तिनं हाक मारली ती हिला. मला नाही. मी रडले असेन असं वाटेल कुणाला. रडले नाही. मला राग आला, आईचा, भावाच्या छातीचा, आणि सगळ्यात जास्त हिचा, की माझ्या आईच्या परसदारी ही उभी राहिली आणि आईनं हिच्यापुढं डोळे पुसले असतील. मी एकामागून एक विचारत सुटले. किती गेलं? परात गेली का? आई काय म्हणते? जेवते का नीट? माझं नाव काढते का?

"घरोघरी मातीच्या चुली, जाऊबाई," ती म्हणाली. ते मात्र हळू म्हणाली.

मी तिच्या हातातली कानस घेतली. उरलेली अक्षरं मी घासली. तिनं कळशी दोन्ही हातांनी धरून ठेवली, हलू नये म्हणून. मला नीट जमत नव्हतं, ओरखडे उठत होते. तिनं मग माझ्या हाताला वळण दिलं, असं आडवं घासा म्हणून. त्यातही तिचाच हात बसलेला.

"म्होरल्या खेपेला मी येते तुझ्यासंगं," मी म्हटलं.

"तुमी नका येऊ. तुमाला बघून त्या दार लावतील."

खरं होतं ते. ज्या परसात मी खेळले, त्या परसदारी ती जाऊ शकत होती आणि मी जाऊ शकत नव्हते. बाजाराच्या दिवशी ती पळसाची पानं रचून निघाली, वाट कर्जतची होती, आणि मी ओट्यावर बसून तांदूळ निवडले.

पुढच्या दिवाळीला मी माहेरी गेले, लेकीनं जावं तशी पुढच्या दारानं. भावाला ओवाळलं. तो हडकला होता. मांडणीवर भांड्यांची एकच ओळ होती, लांब लांब मांडलेली, चकचकीत. मागची ओळ नव्हती. मी मांडणीकडे पाठ करून बसले आणि भांडी काय लखलखताय्त म्हणून आईचं कौतुक केलं. आई हसली. मग मला पाणी दिलं, समोर बसली, आणि माझं बरंवाईट विचारायच्या आधी म्हणाली, "तुझी धाकटी जाऊ बरी हाय ना गं? लई गुणाची पोर."

"बरी हाय," मी म्हटलं.

निघताना आईनं तिच्यासाठी खण दिला. तो मी माझ्या हातानं नेऊन तिला दिला.