मर्लने ऐकलेला खांब

स्टोनी वेलमध्ये मर्ल नोस्केच्या तोंडी लागायला सहसा कोणी जात नसे. गावच्या टेलिफोन एक्स्चेंजवर तिने तीस वर्षं काढली होती. कोणाची तार ओली झाली, कोणाच्या डबीत मुंग्या शिरल्या, हे ती नुसत्या खरखरीवरून सांगायची. आणि एकदा कानाने कौल दिला, की समोर पोलीस असो नाहीतर पाद्री, बाई मागे हटायची नाही.

तिचा नवरा क्लॅरी अबोल. गावच्या अग्निदलाचा बावीस वर्षं कप्तान, तोही बिनपगारी. गेल्या जानेवारीत, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, उघड्यावर ठिणगीही पाडायची नाही अशा कडक आगबंदीच्या दिवशी, भर दुपारी त्याच्याच रानात आग लागली आणि शेजारच्या बेव्हन टिडमार्शच्या वर्षभराच्या चाऱ्याची राख झाली. क्लॅरीच्या गाडीत लोखंड घासायचा ग्राइंडर सापडला. जिल्ह्याच्या वीज कंपनीने लगेच कागद केला: आग ग्राइंडरच्या ठिणगीची, आमचा खांब त्या आगीत जळाला. "मी तो आदल्या दिवशी वापरला होता," एवढंच क्लॅरी म्हणाला. आगबंदीत ग्राइंडर चालवणाऱ्याला त्या मुलखात कोणी चहाही विचारत नाही. त्याने कप्तानाचा पिवळा कोट घरच्या शेडमध्ये टांगला आणि गावात जाणं सोडलं.

मर्लचा जळफळाट झाला. त्या पहाटे समुद्रावरून धुकं आलं होतं, हे तिला पक्कं आठवत होतं. तारांखालच्या चिनी मातीच्या वाट्यांवर महिनोन्महिने धूळ आणि मीठ साचतं, धुक्यात ते भिजतं, वीज पाझरते आणि खांबाचा आडवा लाकडी दांडा आतून धुमसत राहतो. दुपारी वारा सुटला की निखारा खाली. जळालेला खांब तर कंपनीने कधीच उचलून नेला होता. पण त्या ओळीतले बाकीचे खांब तितकेच जुने होते, आणि पाझरणारी वीज लांब लहरींच्या रेडिओवर गुरगुरते, हे तिला ठाऊक होतं.

"मग तो रेडिओ करते मी," तिने स्वयंपाकघरात जाहीर केलं.

"कशाला आणखी हसं करून घेतेस?" क्लॅरी म्हणाला.

"हसू देत. दात पडेपर्यंत हसू देत."

तिने दोन फळ्यांची फुली ठोकली. जळक्या वॉशिंग मशीनच्या मोटरमधली तांब्याची तार सोडवून तिचे ऐंशी वेढे फुलीभोवती घालून चौकट केली. मोडक्या रेडिओतला फिरता कंडेन्सर, कॅसेट प्लेयरमधला आवाज वाढवणारा भाग आणि एक्स्चेंजमधून निवृत्त होताना गुपचूप आणलेला हेडफोन, एवढ्यात काम भागलं. घरात फक्त फ्रिज घुंईं करत होता. बाहेर रानात गेल्यावर मात्र दूरच्या विजांची चुरचुर ऐकू आली, आणि मग विमानतळाचा खुणेचा टूं-टूं. चौकट फिरवली की तो आवाज बारीक व्हायचा आणि एका जागी पार बुडायचा. म्हणजे आवाज कुठून येतोय, ते कळत होतं. मर्ल एकटीच मोठ्याने हसली.

एप्रिलमध्ये तिने कंपनीच्या लॅंगसाहेबाला बोलावलं. साहेब तीस-बत्तीसचा, बूट चकचकीत. त्याने कानाला हेडफोन लावला. टक्. टक्. टक्. सेकंदाला एक.

"मिसेस नोस्के," तो म्हणाला, "हे तुमचंच मेंढ्यांचं कुंपण आहे हो. शॉकचं यंत्र."

त्याने स्वतः शेडमध्ये जाऊन यंत्र बंद केलं. तरी टक्टक् चालूच होती, जरा हलकी. ती शेजाऱ्यांच्या कुंपणांची. लॅंग हसत हसत गेला, आणि संध्याकाळपर्यंत दारूच्या गुत्त्यावर सगळ्यांना कळलं की मर्लने वीज कंपनीला स्वतःचं कुंपण ऐकवलं. ज्या बाईने उभ्या गावाचे फोन जोडले, तिला घरचं कुंपण ओळखू येऊ नये! लाजेने तिची कानशिलं तापली. चूक दोन ठिकाणी होती. कुंपणं चालू होती, आणि हवा कोरडी होती. आता धुकं हवं आणि चारही शेजाऱ्यांची कुंपणं बंद हवीत.

तिघं कुरकुरत कबूल झाले. राहिला बेव्हन टिडमार्श.

"तुझ्या नवऱ्याने माझा चारा जाळला," तो फाटकातूनच म्हणाला, "आणि वर मी माझे एडके मोकाट सोडू?"

"त्याने जाळला असेल तर मी स्वतः तुझ्यासमोर कबूल करीन. आणि नसेल तर तू त्याच्यासमोर करायचंस. चार लोकांत. आहे हिंमत?"

"धुकं पडलं की फोन कर," बेव्हन म्हणाला.

मे महिन्यात एका सकाळी हातभर अंतरावरचं दिसेना. मर्लने पाच फोन केले. पाचवा लॅंगला.

"धुक्यात काय बघणार मी?"

"बघायचं नाही, ऐकायचंय. येताय, का मीच शिडी लावून चढू?"

तो धावत आला. सगळी कुंपणं गप्प होती. जळालेल्या खांबाच्याच ओळीतल्या एक्केचाळीस नंबरच्या खांबाखाली मर्लने चौकट धरली आणि हेडफोन त्याच्या कानावर जवळजवळ आदळला. आत रागावलेल्या गांधीलमाश्यांचं पोळं घोंघावत होतं. चौकट फिरवली, आवाज बुडाला. परत फिरवली, उसळला. पुढच्या खांबापाशी तो निम्मा, मागच्यापाशीही निम्मा.

"ओल सुकली की थांबेल," लॅंग पुटपुटला. "पुढच्या महिन्याच्या यादीत घेतो."

"मग मी इथेच बसते." तिने गाडीतून खुर्ची काढली आणि खांबाखाली मांडली. "तुमच्या यादीत माझंही नाव घाला."

दुपारी तीन वाजता कंपनीची माणसं वीज बंद करून चढली. दांडा खाली आला. खिळ्याभोवती आतून मूठभर कोळसा झाला होता, आणि खांबाच्या बुंध्याशी गवत हिरवंगार होतं. तिथे ग्राइंडर नव्हता, क्लॅरी नव्हता, आग नव्हती.

लॅंग दांडा उचलायला वाकला. मर्लने त्यावर पाय ठेवला.

"हा माझ्या रानात पडलाय."

रविवारी अग्निदलाचा सराव होता. मर्लने क्लॅरीला दटावून गाडीत बसवलं, दांडा अग्निदलाच्या शेडमध्ये नेला आणि चहाच्या टेबलावर कपांच्या मधोमध आदळला. सगळ्यांनी वाकून कोळसा पाहिला.

"गप्प का?" मर्लने विचारलं. "जानेवारीत बरे बोलत होतात! आता याचं नाव घेऊन बोला."

बेव्हन उठला. टोपी काढली. "क्लॅरी, मी चुकलो. तू नव्हतास ते. मी सगळ्या गावाला सांगत फिरलो, आता हेही सगळ्यांना सांगीन." त्याने खुंटीवरचा कप्तानाचा नवा कोट काढून पुढे केला.

क्लॅरीने कोटाकडे पाहिलं, मग मर्लकडे. ती रडत होती आणि ते लपवतही नव्हती.

"तो नको," क्लॅरी म्हणाला. "माझा जुना घरी आहे, तोच आणतो." मग दाराशी वळून म्हणाला, "आणि बेव्हन, ते कुंपण आता चालू कर. तुझे एडके तीन दिवस माझ्या बार्लीत आहेत. मी काही बोललो नाही."