एकाच नावाचे दोन फोल्डर

राडोये हुशार माणूस, पण एक नंबरचा हेकेखोर. मोरावा नदीकाठच्या आमच्या तांत्रिक शाळेत तो तीस वर्षं ऑपरेटिंग सिस्टीम शिकवतोय आणि मी शेजारच्या वर्गात भूगोल. भिंतीपलीकडून त्याचं एकच पालुपद यायचं, "गाढवांनो, सिस्टीम म्हणजे शाळेचा शिपाई. कुठल्या प्रोग्रामनं कुठल्या खोलीत बसायचं, किती वेळ बसायचं, चाव्या कुणाकडे, कुठली वही कुठल्या कपाटात, सगळं तोच बघतो. तो नसेल तर मुख्याध्यापकसुद्धा दाराबाहेर." ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

त्याची बायको येलेना. तिला सगळे येया म्हणायचे. घरात एकच जुना कॉम्प्युटर, आणि त्यावरून भांडण रोजचं. आमची भाषा दोन लिप्यांत लिहितात; तो लॅटिन लिपीत लिहायचा, ती जुन्या सिरिलिकमध्ये.

"आजोबांची लिपी टाकलीस," ती म्हणायची.

"यंत्राला आजोबा नसतात," तो म्हणायचा.

मागच्या हिवाळ्यात येया गेली. त्याआधी महिनाभर, श्वास पुरत नव्हता तरी, ती त्याच्यासाठी स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ठेवत होती. मला म्हणाली, "विदोसावा, त्याला आत्ता सांगू नकोस. मी गेल्यावर चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला की सांग."

शब्द दिला होता, म्हणून चाळिसाव्यापर्यंत गप्प बसले. विधी आटोपल्यावर सांगितलं, "तिच्या नावाच्या फोल्डरमध्ये बघ."

राडोये कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला. "दोन होते," तो म्हणाला. "एकाच जागी, एकाच नावाचे. सिस्टीम तसं करूच देत नाही, मी जन्मभर शिकवलंय. म्हटलं, यंत्राचं डोकं फिरलं. एकात मी ठेवलेले आमचे फोटो होते. दुसरा न बघताच उडवला. गेल्या आठवड्यात."

"अरे दीडशहाण्या, उघडून तर बघायचंस."

त्यानं कागद ओढला आणि येयाचं नाव दोनदा लिहिलं, एकदा लॅटिनमध्ये, एकदा सिरिलिकमध्ये. आमच्याकडे ते नाव चार अक्षरांत लिहितात, आणि दोन्ही लिप्यांत चारही अक्षरं हुबेहूब सारखी. "सिस्टीम अक्षराचं रूप बघत नाही, त्याचा आकडा बघते," तो पुटपुटला. "दोन लिप्या, दोन आकडे. सिस्टीमला ती दोन नावं वेगळी दिसली. मलाच दिसली नाहीत."

मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. कसला शब्द आणि कसलं काय.

त्यानं उठून कॉम्प्युटरची वायरच उपटली. म्हणाला, "उडवलं म्हणजे शिपायानं यादीतून नाव खोडलं एवढंच. सामान खोलीतच असतं, दुसरं कुणी येऊन बसेपर्यंत." पण आठवडाभर याच शहाण्यानं त्यावर प्रश्नपत्रिका टाईप केल्या होत्या. डिस्क काढून शाळेतल्या मशीनला जोडली आणि तीन दिवस तो स्वतःला शिव्या घालत खोल्या धुंडाळत बसला. येयानं केलेल्या अकरांपैकी एकच रेकॉर्डिंग हाती लागलं, तेही अर्धवट.

माझ्या स्वयंपाकघरात आम्ही ते लावलं. "राडोये," येया धापा टाकत म्हणाली, "किती वेळा सांगितलं, तुझं काम झालं की कीबोर्ड माझ्या अक्षरांवर आणून ठेवत जा. बरं, आता नीट ऐक, महत्त्वाचं सांगते."

पुढे नुसती खरखर.

"काय सांगणार होती गं?" तो अजून मला विचारतो. मला तरी काय माहीत. हल्ली रोज काम झालं की तो कीबोर्ड सिरिलिकवर आणून ठेवतो, आणि मग उठतो.