माझ्या बोलीने चढलेला भाव

शाळेत मी आणि माझा एक मित्र एका बाकावर बसायचो आणि बबलगमच्या पाकिटातली क्रिकेटची कार्डं जमवायचो. त्याच्याकडे माझ्यापेक्षा नेहमी चार कार्डं जास्त असायची. चाळिशीत त्या कार्डांना पुन्हा गिऱ्हाईक आलं, तेव्हाही तेच. जुन्या कार्डांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर रविवारी दुपारी लिलाव व्हायचा. माझं कार्ड दीडशेच्या पुढे हलायचं नाही. त्याचं तसलंच, कोपरा दुमडलेलं कार्ड आठशेला जायचं. मी डोंबिवलीतच राहिलो आणि तो ठाण्यात बाळकुमच्या टॉवरमध्ये राहायला गेला, त्याचं मला फारसं काही वाटलं नव्हतं. या आठशेचं वाटलं.

बायको म्हणाली, "त्याचे फोटो छान असतात." मग मी खिडकीच्या उजेडात पांढरा कागद अंथरून फोटो काढले. कार्ड एकशे साठला गेलं.

एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. "आज एक भारी कार्ड टाकतोय. तू जरा बोली वाढवत राहा ना."

"पण मला नकोय ते."

"अरे, घ्यायचं कुठेय? समोरचा हजारावर गेला की तू थांब. नेहमी माझा मेव्हणा असतो, तो गावी गेलाय."

मला राग यायला हवा होता. आला तो आनंद. म्हणजे त्याचं नशीब, फोटो, पारख असलं काही नव्हतंच, सगळा मेव्हणा होता. हा आनंद चहा पिऊन होईपर्यंत टिकला. मग वाटलं, इतकी वर्षं यात त्याला मी आठवलो नाही. मेव्हणा नाही म्हणून आठवलो. तरी मी "बरं" म्हटलेलं.

कार्ड आमच्या लहानपणीच्या एका डावखुऱ्या फलंदाजाचं होतं. माझ्यासमोर बोली लावत होत्या टिटवाळ्याच्या एक बाई. मी पाचशे म्हटलं, त्या साडेपाचशे. मी आठशे, त्या साडेआठशे. मी साडेनऊशे म्हटल्यावर त्या जरा थांबल्या आणि मग हजार पन्नास लिहिलं. लगेच त्याचा मेसेज आला, "बस आता."

मी थांबलो नाही. त्याचं गिऱ्हाईक पळावं आणि कार्ड त्याच्याच गळ्यात पडावं, एवढंच मला हवं होतं. मी दीड हजार लिहिलं. बाईंनी हात जोडलेली खूण टाकली आणि बाजूला झाल्या.

तो फोनवर चिडेल म्हणून मी वाट बघत बसलेलो. फोन आला तेव्हा तो शांत होता. "पैसे पाठवतोस ना? ग्रुपवर सगळ्यांनी बघितलंय." नाही म्हणायची सोय नव्हती. माझी खोटी बोली उघडी पडली असती. मी पैसे पाठवले. कार्ड कुरिअरने घरी आलं. बायकोने किंमत विचारली, मी चारशे सांगितली.

पुढच्या रविवारी त्याने तेच कार्ड पुन्हा टाकलं. त्याच्याकडे तसली आणखी तीन होती, हे मला माहीत नव्हतं. खाली त्याने लिहिलं होतं, "मागच्या आठवड्यात दीड हजाराला गेलंय." पहिली बोलीच बाराशेची आली.

दोन दिवसांनी त्या टिटवाळ्याच्या बाईंचा मला मेसेज आला, त्या दिवशी माझ्यासमोर इतका हट्ट का धरला ते सांगणारा. त्यांच्या भावाने लहानपणी अख्खा संच जमवला होता, हे एकच कार्ड राहून गेलेलं. भाऊ आता नाही. त्यांना तो संच पूर्ण करायचा होता. मी घाईघाईने लिहिलं, "माझं कार्ड घ्या, हजाराला देतो." पाचशेला देतो असं लिहायला बोट धजावलं नाही.

"नको हो," त्यांचं उत्तर आलं. "तुमच्या मित्रांनी दिलं ना, चौदाशेला. माझ्यासाठी शंभर कमी केले. स्वतः टिटवाळ्यापर्यंत आणून दिलं, भावाच्या फोटोपुढे दोन मिनिटं बसले. फार भला माणूस आहे."

खरं काय ते मी त्यांना सांगू शकलो असतो. पण त्यात माझी दीड हजाराची बोलीही सांगावी लागली असती. मी "हो, आहेच" असं लिहिलं. मग कितीतरी वेळ माझ्या मनात एकच येत राहिलं, की त्या फोटोपुढे मी बसायला हवं होतं.