टाकीवरचा पंखा

नागपूरच्या मे महिन्यात काचेच्या टाकीत जिवंत पोवळी जगवायची, तर त्या खाऱ्या पाण्यावर दिवसभर पंखा फिरता ठेवावा लागतो. दोन दिवस गावाला जाऊन आलो, तर पंखा बंद, पाणी कोमट आणि गुलाबी पोवळी पांढरीफटक.

“खोलीत कोणी नव्हतं रे, म्हणून बंद केला,” आई म्हणाली. रिकाम्या खोलीतला पंखा तिने जन्मभर असाच बंद केला होता. त्याच काटकसरीवर मी शिकलो. तरी मी तिच्यावर ओरडलो. पाण्याचं तापमान दिवसातून चारदा मोजणाऱ्या मला तिचा उतरलेला चेहरा दिसला नाही.

टाकी आता कोरडी आहे. काल तिच्यावरचा पंखा माझ्याकडून चुकून चालू राहिला. संध्याकाळी आईने दारातूनच विचारलं, “बंद केला तर चालेल का रे?”